नाकतोड्यांची जुडी

सिरसाळ्याच्या बाजारात एक धोतरवाले आजोबा दर आठवड्याला भेटतात. नाव मी कधी विचारलं नाही. मेथीच्या जुड्या हुंगून हुंगून ते सगळ्यात शिळी निवडायचे. एकदा भाजीवाली वैतागली, "बाबा, शिळीच कावून न्हेता?"

"नाकतोड्यांना. मेथी दिसली की माझ्या गुलाबाला तोंड लावत न्हाईत."

पुढच्या बाजारी त्यांनी दोन जुड्या घेतल्या. एक कोवळी, एक शिळी. कोवळी ओल्या फडक्यात अलगद गुंडाळली.

"आजोबा, आज दोन?" मी विचारलं.

"शिळीला शिवले न्हाईत. सगळे गुलाबावर गेले. लई चोखंदळ जात!"

"मग ही शिळी कुणाला?"

ते मिशीत हसले. "घरी, भाजीला. आमचं काय, आमी कसली बी खातो."