बाईंची गाडी आणि पेणचा गणपती

बाई वर्गात आम्हाला नावानं कमीच हाक मारत. पुढं जो जे होईल असं त्यांना वाटे, तीच त्याची हाक. रोह्याच्या शाळेतला आमचा 'डॉक्टर' आज औषधांचं दुकान चालवतो, 'तहसीलदार' धाटावच्या कंपनीत शिफ्टला जातो. बाईंचा अंदाज खरा ठरला तो माझ्याच बाबतीत. मी खरोखर इंजिनीयर झालो, आणि त्याची शिक्षा बाईंच्या गाडीला भोगावी लागली.

बारावीनंतर बाई आमच्या घरी आल्या होत्या. "भात लावायला दुसरे हात मिळतील. याला कॉलेजात घाला," असं त्यांनी वडिलांना ठणकावलं. आमच्या घरात पदवी म्हणजे काय हे तोवर कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून बाईंचा फोन आला की मला नाही म्हणता येत नाही.

"इंजिनीयर, सरांची गाडी चालू करायची हाय."

सर म्हणजे बाईंचे यजमान. ते गेल्यापासून गाडी अंगणात उभी होती. चाकांत हवा नव्हती, सीटखाली उंदरांचा संसार होता. सर दर वर्षी पेणहून गणपती याच गाडीतून आणत. यंदाचा गणपती या घरातला शेवटचा. नंतर बाई कायमच्या मुलीकडे जाणार होत्या. "शेवटचा तरी सरांच्या गाडीतून येऊ दे," एवढंच त्यांचं मागणं.

मी कारखान्यात पंप सांभाळतो. गाडीतलं मला काही कळत नाही हे सांगायला तोंड उघडलं, तर बाईंनी त्यात नारळाची वडी घातली. मग मी नवी बॅटरी बसवली, टायर बदलले, ताजं पेट्रोल ओतलं, मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. एका रविवारी गाडी खोकली, थरथरली आणि चालू झाली. इंजिनाचा शोध मीच लावल्यासारखा मी बाईंकडे पाहत राहिलो.

पेणपर्यंत झकास गेलो. परतताना मूर्ती बाईंच्या मांडीवर, तिच्या तोंडावर रुमाल. त्यांच्या घरची रीत अशी, की मांडीवर घेतलेली मूर्ती दारात ओवाळेपर्यंत उतरवायची नाही. आणि खांब गावाजवळ गाडी बंद पडली. जुन्या टाकीतला गंज पेट्रोलच्या वाटेत अडकला होता. आधी टाकी धुवायला हवी होती, हे मला तिथं, हायवेच्या कडेला सुचलं.

गणपतींनी भरलेला एक टेम्पो थांबला.

"बाई, मूर्ती माझ्याकडं द्या. रोह्यालाच चाललोय."

"नाय. दोरी हाय ना? गाडी ओढ."

"व्हय, पण स्टेअरिंगवर कोण बसंल?"

"हा हाय ना. इंजिनीयर हाय."

टेम्पोवाल्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि दोरी बांधली.

रोह्यापर्यंत मी फक्त ब्रेक सांभाळत होतो. आळीच्या तोंडाशी बाई म्हणाल्या, "इथं दोरी सोड. घरापर्यंत उतार हाय."

टेम्पो गेला. मी ब्रेक सैल केला, तशी गाडी आपसूक घरंगळत निघाली. बाईंनी हात लांब करून हॉर्न वाजवला. शेजारच्या काकू निरांजन घेऊन धावत बाहेर आल्या.

"बाई, झाली की गाडी चालू!"

"मग! आणि आवाज बघ गो," बाई म्हणाल्या, "अजिबात करत नाय."

मी ब्रेक घट्ट धरून समोर बघत बसलो.

विसर्जनानंतर बाई मुलीकडे निघाल्या. निघताना त्यांनी आधी बॉनेट थोपटलं, मग माझी पाठ. जोर दोन्हीकडे सारखाच होता.