सत्तर घोडे गेले कुठं

२०२३ साल. मला अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं. शाळा चौथीपर्यंत, पण सगळा जन्म विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करण्यात गेला, त्यामुळं हॉर्सपॉवर म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नाही. पाच एचपीची मोटर एका विहिरीला पुरते. इंग्लंडात कॉव्हेंट्रीला लेकीकडं राहायला आलो तरी माझं माप तेच राहिलं.

जावई हाडांचे डॉक्टर. त्यांना जुनी अमेरिकन कॉर्व्हेट गाडी घ्यायची होती, आणि तीही बाहत्तर सालचीच, कारण ते स्वतः बाहत्तरचे. जवळच एका रिटायर झालेल्या गोऱ्याकडं तशी सापडली. पण त्याच्याकडं उद्या दुपारी दुसरं गिऱ्हाईक येणार होतं. म्हणजे हो की नाही ते सकाळीच सांगायचं.

"मामा, तुम्ही एकदा नजर टाका," म्हणाले आणि कागद पुढं केला. इंग्रजी मला येत नाही, आकडे येतात. सत्तर सालच्या गाडीला तीनशे घोडे. एकाहत्तरला दोनशे सत्तर. बाहत्तरला दोनशे. पंच्याहत्तरला तर एकशे पासष्ट!

"एकाहत्तर-बाहत्तरला इंजिन बदललं का?"

"नाही मामा, सेम इंजिन."

"मग ही घेऊ नका. वर्षात सत्तर घोडे म्हणजे चौदा विहिरी गेल्या. एकाहत्तरची बघा."

लेक हसली. "आबा, गाडीनं काय उसाला पाणी द्यायचंय?"

"तू गप. जावईबापू, एखाद्या पेशंटचं वजन वर्षात एवढं उतरलं तर तुम्ही काय म्हणाल?"

जावयांचा चेहरा पडला. महिनाभर ते त्या गाडीचे फोटो बघत होते. पण घरातल्या मोठ्या माणसानं नको म्हटलं तर वाहन दारात आणायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. वाद न घालता त्यांनी गोऱ्याला फोन लावून घोडे का घटले ते विचारलं. तो सांगत गेला, जावई मला मराठीत सांगत गेले.

पहिले तीस घोडे खरेच गेले होते. पेट्रोलमधलं शिसं कमी करायचं ठरलं, म्हणून इंजिनातला दाब उतरवला. पुढचे सत्तर मात्र गेलेच नव्हते. एकाहत्तरपर्यंत इंजिन उघडंबंब स्टँडवर ठेवून मोजायचे. पंखा नाही, डायनामो नाही, सायलेन्सर नाही. बाहत्तरपासून सगळा संसार अंगावर चढवून मोजायला लागले.

"म्हणजे आधी खोटं लिहायचे?"

"खोटं नाही हो. मोजायची मेथड बदलली."

"विकणारा असंच सांगणार!"

बोललो खरं, पण जेवताना तेच डोक्यात. लांब पाइपातून, दोन बेंड घेऊन पाणी टाकीत पडतं तेव्हा धार बारीक होतेच. मोटरीच्या पाटीवर आकडा पाचच असतो. हे मीच किती शेतकऱ्यांना समजावलं होतं. पण पंखा आणि डायनामो मिळून खाऊन खाऊन खातील किती? आमटी गार झाली.

"उद्या मी येतो," म्हटलं. "बघितल्याशिवाय माझं हो पण नाही आणि नाही पण नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोऱ्यानं बॉनेट उघडलं. मी कोट काढून जावयांच्या हातात दिला. "त्याला विचारा, पंख्याचे-डायनामोचे पट्टे काढून चालू करतो का."

"मामा, असं कुणी विचारतं का?"

विचारलं. गोरा हसला आणि पाना माझ्याच हातात दिला. मिनिटभरच, असं बोटानं सांगितलं. मी पट्टे उतरवले. पंखा जागच्या जागी थांबलेला, आणि इंजिनाचा आवाज मोकळा, चढा. पट्टे चढवून परत चालू केलं, तर तोच आवाज खाली बसला. सत्तरचा हिशेब काही लागला नाही. बरेचसे सायलेन्सरच खात असणार, ते मी अजून शोधतोय. पण इंजिन आजारी नव्हतं.

"घ्या," म्हटलं.

आणि फेरी मारायला म्हणून डावीकडचं दार उघडून आधी मीच आत बसलो. बघतो तर, अमेरिकन गाडी ती, स्टिअरिंग डावीकडं, माझ्याच पुढ्यात. उठलो नाही.