रुसैलमधून केलेलं बेटांचं हस्तांतर

"सावंत, ये आयलंड्स मॉरिशस को किसने दिया?"

कॅप्टन सालेम ओमानी, मूळचे सूर बंदरातले, जहाजवाल्यांच्या घरातले. आता शिपिंग एजन्सी चालवतात आणि हिंदी आपल्यासारखीच बोलतात. समोर त्यांच्या ऑफिसांसाठी आमच्या रुसैलच्या प्रेसमध्ये छापलेला हिंदी महासागराचा वॉलमॅप. त्यांचं बोट चागोस बेटांवर.

"मैंने," मी म्हणालो. खोटं सुचलंच नाही.

प्रूफ म्हणजे छापण्याआधीचा नमुना. क्लायंटची सही झाली की त्यातल्या स्वल्पविरामालाही हात लावायचा नाही, असं मी बावीस वर्षं ज्युनिअर्सना बजावतोय. सही झालेल्या प्रूफवर चागोसखाली 'ब्रिटन' होतं. पण त्या सकाळी मी बातमी वाचली: ब्रिटनने बेटं मॉरिशसला द्यायचा करार केला. म्हटलं, कॅप्टनचा नकाशा शिळा नको! छपाईची प्लेट बनवण्याआधी परस्पर 'मॉरिशस' केलं आणि स्वतःवर खूश होऊन चहा प्यायलो.

बातमीचा दुसरा परिच्छेद तेवढा वाचायचा राहिला. करार झाला, हस्तांतर बाकी. लंडनचं धोरण एक पाऊल पुढे, दोन मागे.

कॅप्टन म्हणाले, "हमारे भी आयलंड्स कभी अंग्रेज के पास थे. वापस मिले, तब नक्शा बदला. पहले नहीं."

"स्टिकर लगा दूँ?"

"मेरी दीवार पे पट्टी? खलास!"

नव्याने छापावं तर तसला कागद संपलेला. डिलिव्हरी गुरुवारी. आमचे मॅनेजर जोसेफसाहेब थंडपणे म्हणाले, "नया पेपर नहीं आएगा, सावंत. नया सावंत आएगा."

छापलेलं पुसता येत नाही, पण शेजारी भर घालता येते. तेच कागद पुन्हा मशीनवर चढवले. 'मॉरिशस'च्या आधी बारीक अक्षरांत 'सध्या ब्रिटन;' आणि पुढे 'कडे हस्तांतर बाकी'. खरी परीक्षा रजिस्टरची, म्हणजे दुसऱ्या फेरीची शाई नेमक्या जागी पडण्याची. जरा हललं की अक्षरं समुद्रात. दिवसभर भिंग लावून मशीनशी उभा राहिलो. एकही कागद वाया गेला नाही. हे मात्र कॉलर ताठ करून सांगतो.

गुरुवारी कॅप्टननी ती ओळ दोनदा वाचली. "माशाल्ला. लंडनवाले भी इतना साफ नहीं बोलते."

पुढच्या कामाच्या प्रूफवर सही करताना मात्र पेन हवेतच थांबवलं. "सावंत, और कोई मुल्क बाँटना है? अभी बोल."

हल्ली मी बातमी शेवटपर्यंत वाचतो. आणि प्रूफवर सही झाल्यावर कुणाला काही देऊन टाकत नाही.