न वाचलेली ओळ

कपाटातल्या जुन्या फ्लॉपीला अजून डांबरगोळ्यांचा वास येतो. जळगावात आमच्या संगणक वर्गाचे सर स्वतः लिहिलेला प्रोग्राम मागेल त्याला अशा फ्लॉपीवर फुकट कॉपी करून द्यायचे. "आतलं सगळं उघडं ठेवलंय, हवं ते बदला," म्हणायचे. सुरू होताना तो रोमन अक्षरांत विचारायचा, 'जेवलात का?' आम्ही न बघताच 'हो' दाबायचो. सर अपघातात गेले. तेराव्यानंतर असोद्याहून त्यांच्या आई वर्गात आल्या, चपला दाराबाहेर काढून संगणकाच्या पडद्यासमोर बसल्या. मी सरांचा प्रोग्राम सुरू करून प्रश्न वाचून दाखवला. "नही जेवली रे भाऊ," त्या म्हणाल्या. मी पहिल्यांदाच 'नाही' दाबलं. पडद्यावर ओळ आली, 'मग जेवून या. मी थांबतो.' "काय म्हनतो तो?" त्यांनी विचारलं. "काही नाही," म्हणत मी मशीन बंद केलं. आता ही फ्लॉपी वाचणारं यंत्र मिळत नाही. सर आत अजून थांबलेले असतील.