पलीकडच्या शाळेतल्या बाई

‘‘काय म्हणतेय तुमची शाळा, सर?’’

भेट झाली की बाई पहिलं हेच विचारायच्या. पदराचं टोक कमरेला खोचून, मान जराशी तिरकी करून. आपण एखाद्याच्या घरच्या आजारी माणसाची चौकशी करतो ना, तसा सूर. मला तो सूर अजिबात आवडत नसे.

तुमच्याही वस्तीत दोन शाळा असतील, तर पुढचं तुम्हाला सांगायला नको. वाळूजच्या कारखान्यांमागं आमची वस्ती. दोन्ही शाळा जिल्हा परिषदेच्या, मधे फक्त एक रस्ता. अलीकडच्या शाळेचा मुख्याध्यापक मी, पलीकडच्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाई. कंपनीच्या बसची वाट बघणारे बाप लोक चहाच्या टपरीवर आमची तुलना करत बसायचे, तीही माझ्यादेखत.

‘‘सरांच्या शाळेला स्लॅब हाय, टीव्ही हाय, रंग बी कसला झकास.’’

‘‘हाय ना. पण लेकरू तिकडंच टाक. बाई लई जीव लावतात.’’

वर मलाच विचारायचे, ‘‘काय सर, खरं हाय का नाय?’’ मी कपात बघत मान हलवायचो.

शाळेच्या दर्शनी भिंतीवर वेरूळचं कैलास लेणं मी स्वतः रंगवलं होतं. सगळी उन्हाळ्याची सुट्टी त्यात गेली. बाईंच्या खोल्या पत्र्याच्या. दुपारी आत बसवत नसे. पण जूनमध्ये आया पोरांना घेऊन यायच्या, माझ्या लेण्यातला हत्ती पोरांना दाखवायच्या आणि रस्ता ओलांडून पलीकडं नाव घालायच्या. मी फाटकाशी उभा राहून बघायचो. किती पोरं पलीकडं गेली, ते बोटांवर मोजायचो.

त्यात माझी लेक पहिलीत जायच्या वयाची झाली. बायको म्हणाली, ‘‘तिला बाईंकडं घालू.’’

‘‘कामून? माझ्या शाळेत काय कमी आहे?’’

‘‘कमी काही नाही. पण तुमच्याकडं ती सरांची पोरगी होणार. तिकडं नुसती पोरगी राहील.’’

मी दोन दिवस अबोला धरला. मग नवा फ्रॉक घातलेल्या लेकीचा हात धरून मीच तिला पलीकडं नेऊन सोडलं. वस्तीनं हे बघितलं, हे वेगळं सांगायला नकोच.

त्या दिवसापासून बाई माझ्या घरात राहायला आल्या. म्हणजे जेवताना, झोपताना, अंघोळीला जाताना लेकीच्या तोंडी एकच. ‘‘आमच्या बाई असं म्हणतात.’’ मी तिला वजाबाकी शिकवायला बसलो तर पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, ‘‘पप्पा, तुम्ही राहू द्या. मी बाईंना विचारते.’’ इतकी वर्षं गणित शिकवतोय मी.

एक दिवस मधल्या सुट्टीआधी बाई माझ्या ऑफिसात आल्या. या वेळी शाळेची चौकशी केली नाही.

‘‘सर, एक मागायचंय. माझ्या सातवीच्या पोरी मधल्या सुट्टीत घरी जातात, त्या परत येतच नाहीत. आमच्या संडासाला पाणी नाही. तुमच्याकडं आहे. पाठवू का?’’

‘‘पाठवा की,’’ मी म्हणालो. यात नाही म्हणण्यासारखं काय होतं?

दुसऱ्या दिवशी बाई स्वतःच पोरी घेऊन आल्या, हात वर करून रस्त्यावरचे टेम्पो थांबवत. आणि माझी पोरं खिचडीच्या ताटल्या तशाच ठेवून धावली. ‘‘बाई आल्या! बाई आल्या!’’ माझ्या तिसरीतल्या पोरी त्यांच्या हाताला लोंबकळायला लागल्या. माझ्याच मैदानात मी पाहुण्यासारखा पायरीवर उभा.

पोरी येईपर्यंत बाई आमच्या नळाशी उभ्या होत्या. त्यांनी नळ सोडला आणि थोडा वेळ पाण्याखाली हात धरला.

‘‘खरं सांगू, सर? तुमच्या शाळेवर मी लई जळते.’’

‘‘तुम्ही? माझ्या शाळेवर?’’

‘‘व्हय. हा नळ, ही स्लॅब. मागच्या वर्षी माझी एक पोर शाळा सोडून घरी बसली ती बसलीच. इथं असती तर टिकली असती. म्हणून तर तुम्हाला विचारत असते, काय म्हणतेय तुमची शाळा. काही वाईट ऐकायला मिळालं तर तेवढंच बरं वाटेल म्हणून.’’ आणि त्या खळखळून हसल्या. ‘‘पण तुम्ही मेलं कधी काही सांगतच नाही!’’

मीही हसलो. किती वर्षांनी छाती हलकी झाली म्हणून सांगू! पण लगेच माझ्याच वर्गातल्या एका पोरीनं त्यांचा ओला हात ओढून आपल्या गालावर ठेवला, आणि मी तिला खिचडी संपवायला पिटाळलं.

लेक चौथीत असताना बाईंची बदली झाली, पैठण तालुक्यातल्या एका गावी. निरोपाच्या दिवशी माझे वर्ग अर्धे रिकामे होते. सगळी पलीकडं. टपरीवरचे बाप लोकही गप्प होते. आता कुणाची तुलना कुणाशी करणार?

पुढं पैठणला माझं प्रशिक्षण निघालं. लेक हट्टानं सोबत आली. येताना वाटेत बाईंची नवी शाळा लागणार होती. आम्ही फाटकातून आत गेलो तेव्हा शाळा सुटत होती. लिंबाखाली बाई एका पोरीची रिबीन बांधत होत्या. आम्हाला बघून ‘‘अगं बाई!’’ म्हणत धावतच आल्या. लेकीला जवळ घेतलं. पण त्यांचा दुसरा हात त्या रिबीनवाल्या पोरीनं घट्ट धरला होता, आणि ती सोडत नव्हती.

‘‘ही कोण, बाई?’’ तिनं विचारलं.

‘‘ही ना? या सरांची लेक. लई हुशार आहे.’’

माझी लेक बाईंपासून हळूच सुटली आणि माझ्या मागं येऊन उभी राहिली. बाईंनी चहाचा आग्रह केला, पण ती माझा शर्ट ओढत होती. तिच्या चेहऱ्यावरचं ते जळणं मला ओळखीचं होतं, इतकं की तिच्याकडं बघवेना.

परतीच्या एसटीत तिनं खिडकीची जागा धरली. मग म्हणाली, ‘‘पप्पा, त्या पोरींची शाळा आपल्यापेक्षा चांगली नाही ना?’’

‘‘नाही गं. भिंतींचे पोपडे बघितलेस ना त्यांच्या?’’

‘‘हं,’’ ती म्हणाली. ‘‘पण बाई तिथं आहेत.’’

आणि तिनं खिडकीकडं तोंड फिरवलं.