हवेपलीकडे काही बोलू नका

रोमजवळच्या ओस्तिया बंदरावरच्या वीस भोकांच्या सार्वजनिक संडासाचा राखणदार एपाफ्रा कुणावर विश्वास ठेवील तर शपथ. त्याचा जुना मालक अशाच एका भोकांच्या ओट्यावर बसल्या बसल्या सम्राटाच्या टकलावर विनोद करून गेला आणि पंधरा दिवसांत घरादाराला मुकला. शेजारी बसलेला हसरा माणूस खबऱ्या निघाला होता. तेव्हापासून गिऱ्हाइकांचे पुसायचे, काठ्यांना बांधलेले स्पंज धुताना एपाफ्राची नजर गिऱ्हाइकांच्या कानांवर असे.

व्होकोनियस नावाचा एक उतारवयाचा माणूस रोज दुपारी येऊ लागला, तशी एपाफ्राच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. झगा विरलेला पण स्वच्छ, तोंडात साखर. या भोकावरून उठे, त्या भोकावर बसे, ज्याच्या त्याच्या मुलाबाळांची, गलबतांची, अगदी घरच्या स्वयंपाकाचीही चौकशी करी. एवढा वेळ बसायला या माणसाच्या पोटात असतं तरी काय? एपाफ्राने ओट्यावरच्या जुन्या गिऱ्हाइकाला, पुदेन्स तांडेलाला, गाठलं.

"तांडेल, तो खबऱ्या आहे. हवेपलीकडे काही बोलू नका."

झालं. दोन दिवसांत ही गोष्ट बंदरभर झाली. व्होकोनियस टेकला की वारा, पाऊस, ऊन एवढंच निघे. काही जण तर काम अर्धवट टाकून उठत.

त्यानंतर अकराव्या दिवशी व्होकोनियस उठला आणि भिंत धरून खाली बसला. हेही सोंगच, असं मनाशी म्हणत एपाफ्रा जवळ गेला.

"कुणासाठी ऐकतोस रे?"

"ऐकतो कुठे, बाबा? कुणी जेवायला ये म्हणेल म्हणून बसतो. पूर्वी म्हणायचे. हल्ली लोकांना काय झालंय, देव जाणे."

ताकाला जाऊन भांडं लपवणारा बिचारा जीव, आणि आपण त्याला उपाशी मारलं. एपाफ्राला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगायला मात्र जीभ वळेना. त्याने व्होकोनियसला धरून आपल्या खोलीत नेलं, हरभऱ्याचं कढण आणि पाव पुढे ठेवला. दार उघडंच होतं. व्होकोनियस तीन वाडगे जेवला, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांनी दोघांना एकत्र पाहिलं.

दुसऱ्या दिवशी एपाफ्रा पाण्याची बादली घेऊन आत शिरला. ओट्यावर हशा चालला होता, तो एकदम थांबला. पुदेन्स तांडेलाने त्याच्याकडे न बघता स्पंज घेतला.

"आज वारा बरा आहे, नाही?" तो म्हणाला.