भिंतीकडे वळवलेला दिवा

दिवेलागणीला बटण दाबण्याआधी आत्या घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "मिटा रे डोळे!" मग डावा तळवा स्वतःच्या डोळ्यांवर धरून उजव्या हाताने बटण दाबायची आणि बोटं एकेक करून उघडायची. आम्हीही मिटायचो. आई कांदा चिरता चिरता थांबायची. पाहुणे असले तर तेही मिटायचे आणि मग कसनुसं हसायचे.

ही सवय नव्या दिव्यांबरोबर आली. आत्या रफू करायची. नवरा गेल्यावर ती धाकट्या भावाकडे, म्हणजे आमच्याकडे, आली ती सुयांचा डबा घेऊनच. कपड्याच्या आतल्या शिवणीतून त्याचाच धागा उपसायचा आणि भोकावर उभा-आडवा असा विणायचा, की काम आणून देणारा शिंपी कपडा उलटासुलटा करून विचारायचा, "मावशी, दुसराच कोट तर देत नाही ना?" या प्रश्नावर ती दिवसभर खूश असायची. बाकी कशावर तिचा फारसा हक्क नव्हता, असं तिला वाटत असावं.

वय वाढलं तसा सुईत दोरा जाईना. बाबांनी एका रविवारी घरातले सगळे जुने बल्ब उतरवले आणि पांढरेशुभ्र एलईडी लावले. आत्याच्या टेबलावर तर दोन. टेबलावरचा प्लास्टिकचा कागद आरशासारखा चमकायला लागला.

"हे घर आहे की पेट्रोल पंप?" आत्या म्हणाली.

"ताई, उजेड जास्त तेवढं दिसतं जास्त."

"डोळ्यांत बोट घातल्यावर कुणाला जास्त दिसतं रे?"

पण काढायला सांगितलं नाही. भावाने हौसेने लावले होते. फक्त कधीतरी म्हणायची, "दिव्याभोवती कडं दिसतं मला. रंगीत, बांगडीसारखं." बाबा म्हणायचे, "या दिव्यांचं असतंच तसं." आम्हालाही ते पटायचं, कारण त्या उजेडात आमचीही डोकी दुखायची.

मग शिंपी एक कोट परत घेऊन आला. दारातच उभा राहिला, आत येईना. "मावशी, हे जरा राहिलंय," तो हळूच म्हणाला. बाहीवरचं भोक उजव्या बाजूने अप्रतिम बुजवलं होतं. डावीकडची बाजू तशीच उघडी.

आत्याने त्यावरून बोट फिरवलं. बोटाला भोक लागलं, तेव्हा तिचा चेहरा उतरला. "पुरं केलं होतं रे मी," ती म्हणाली. "शपथ."

बाबांनी तो दोष स्वतःकडे घेतला. दिव्यांनी ताईचे डोळे दिपतात म्हणून तिचं काम बिघडतं, असं त्यांनी ठरवलं आणि ते झपाटल्यासारखे दिव्यांच्या मागे लागले. पांढरे दिवे उतरवून पिवळसर उजेडाचे, कमी ताकदीचे आणले. नकाशे गिरवायच्या पातळ, धुरकट कागदाचा गोल करून तो दिव्यापासून हातभर लांब टांगला. टेबलावरचा चकचकीत कागद फाडून तिथे राखाडी सुती कापड अंथरलं. कामाच्या दिव्याचं तोंड भिंतीकडे वळवलं, म्हणजे उजेड भिंतीवर आपटून मऊ होऊन खाली यायचा.

घर खरंच निवलं. आईची डोकेदुखी थांबली. मी आत्याच्या शेजारी वाचायला बसू लागले. "आता कसं, सायीसारखं झालं," आत्या म्हणाली, आणि बाबा लहान मुलासारखे लाजले. कडं दिसतं का, हे मग कुणी विचारलं नाही. दिवेच बदलले होते.

तिचा डावा खांदा चौकटीला आपटायचा. "हे दार मधेच येतं," ती म्हणायची. डावीकडे ठेवलेला चहा सांडायचा. "तिथे कुणी ठेवला?" आई म्हणायची, "तुम्हीच, वन्सं," आणि दोघी हसायच्या. शिंप्याकडून येणारे कपडे कमी झाले, मग थांबले. सणसणीत शिवी हासडून आत्या म्हणाली, "आजकाल फाटेपर्यंत वापरतो कोण?"

चष्म्याचा नंबर बदलायला म्हणून तिला नेलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ डोळे तपासले. काचबिंदू होता. एक डोळा जवळपास गेलेला, दुसऱ्याची कड खाल्लेली. "दिव्याभोवती कडी दिसायची का?" त्यांनी विचारलं.

आत्या म्हणाली, "हो, पण ते दिवे आम्ही बदलले ना."

बाबांनी चाचरत विचारलं, "दिव्यांमुळे झालं का?"

"नाही. दिव्यांचा काही दोष नव्हता," त्या म्हणाल्या. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं टिकवू, असंही म्हणाल्या. येताना रिक्षात बाबा आत्याचा हात धरून बसले होते. तीच त्यांच्या हातावर थोपटत होती.

उरलेलंही फार टिकलं नाही. जुन्या बल्बची ऊब तरी गालाला लागायची. हे दिवे गार. त्यामुळे दिवा लागला की नाही हे तिला कळायचं नाही. ती रोज त्याच खुर्चीत, राखाडी कापडावर हात ठेवून बसायची. बोटं कापडाची वीण चाचपत असायची. बाबा मात्र कागदाचा गोल मळला की नवा करून टांगायचे, तितक्याच निगुतीने.

ती गेली ती साध्या तापाने, दुपारच्या झोपेत. आदल्या संध्याकाळी मी तिच्याजवळ पुस्तक घेऊन बसले होते. बटणाचा आवाज ऐकून तिने मान माझ्याकडे वळवली, थोडी चुकीच्या बाजूला.

"लावलास का गं? डोळ्यांवर येत नाही ना तुझ्या?"